युगो : हसण्यावारी गेलेली गाडी

युगोच्या मागच्या काचेला हीटर का असतो? ढकलताना हात गार पडू नयेत म्हणून! १९८० च्या दशकात अमेरिकेत राहिलेल्या कोणालाही विचारा, असे चार विनोद तरी त्याला पाठ असतील. टाकी पूर्ण भरली की गाडीची किंमत दुप्पट होते, हा त्यातलाच एक. विनोद चांगलेच आहेत, मीही हसलो. पण मंडळी, मध्यंतरी या गाडीचा इतिहास वाचत बसलो होतो आणि एक गोष्ट मनात अडकून राहिली. विनोद गाडीवर होते, पण ऐकून घ्यावे लागत होते ते तिच्या मालकाला. आणि त्या बिचाऱ्याने केलं काय होतं? कमी पैशांत नवी कोरी गाडी घेतली होती, एवढंच.

तर आधी थोडी वंशावळ. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, आताच्या सर्बियात, क्रागुयेवात्स नावाचं शहर आहे. तिथला झास्तावा हा कारखाना मूळचा तोफा ओतण्याचा, १८५३ पासूनचा. १९५४ मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पुढे तिथे मोटारी बनू लागल्या. पहिली गाजलेली गाडी फियाट ६०० वर बेतलेली होती, लोक तिला लाडाने 'फिचा' म्हणत. युगो आली १९८० मध्ये, फियाट १२७ आणि १२८ च्या आधाराने. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरने फियाट ११०० ची पुढे पद्मिनी केली, साधारण तोच प्रकार. म्हणजे नातं लावायचंच तर युगो ही आपल्या पद्मिनीची लांबची मावसबहीण!

तिला अमेरिकेत नेणारा गृहस्थ माल्कम ब्रिकलिन. भारी माणूस. १९६८ मध्ये त्याने सुबारू ३६० ही चिमुकली गाडी अमेरिकेत आणली, तर 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' मासिकाने तिला सरळ नापास केलं. मग त्याने कॅनडात स्वतःच्याच नावाची स्पोर्ट्स कार काढली, ती १९७५ मध्ये गुंडाळली गेली. दोनदा हात पोळल्यावर दुसरा कोणी किराणा दुकान टाकून गप्प बसला असता. याने युगो शोधली. अमेरिकेच्या नियमांत बसवायला गाडीत पाचशेच्या वर बदल केले गेले आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये ती विक्रीला आली. किंमत ३,९९० डॉलर! अमेरिकेतली सगळ्यात स्वस्त नवी गाडी. लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. १९८७ या एका वर्षात ४८ हजारांवर युगो विकल्या गेल्या.

'कन्झ्यूमर रिपोर्ट्स'ने १९८६ च्या फेब्रुवारीत सांगून टाकलं होतं, की याच पैशांत चांगली जुनी गाडी घ्या. सल्ला अगदी रास्त. पण जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याने विकलेलं दुखणं, आणि नवी म्हणजे हमीचा कागद, सीटवरचा तो वास, शेजाऱ्यांना दाखवायची ऐट. आयुष्यात पहिल्यांदा नवी गाडी घेणाऱ्याला हे कोण समजावणार?

आता दुखण्यांकडे येतो. आतले प्लॅस्टिकचे तुकडे सुटायचे, विजेची कामं बिघडायची, गिअर नीट पडायचा नाही. हे सगळं खरं आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण मालकाला खरं रडवलं ते एका रबरी पट्ट्याने. टायमिंग बेल्ट म्हणतात त्याला. इंजिनातले पिस्टन वर-खाली होतात आणि व्हॉल्व्ह उघडमीट करतात, या दोघांचा ताल हा दातेरी पट्टा सांभाळतो. काही इंजिनांत तो तुटला तर गाडी फक्त बंद पडते. युगोचं इंजिन तसलं नव्हतं. पट्टा तुटला की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळायचा आणि व्हॉल्व्ह वाकायचे. म्हणजे इंजिन खोला! पट्टा ४०,००० मैलांना (साधारण ६४ हजार किलोमीटर) बदलायचा असा कंपनीचा नियम होता. पुस्तिकेत लिहिलेलाही होता. पण पट्टा काही कुरकुरत नाही, आवाज करत नाही. ज्याने पैसे वाचवायला ही गाडी घेतली, तोच माणूस धडधाकट चालणाऱ्या गाडीचा पट्टा बदलायला पैसे काढेल का? मग एके दिवशी भर हायवेवर सगळं शांत, आणि गॅरेजवाल्याचा आकडा ऐकला की गाडी तिथेच सोडून यावंसं वाटणार.

माझ्या मते गोम इथेच आहे. क्रागुयेवात्समधून ही गाडी ज्या समाजासाठी निघाली, तिथे डिकीत पान्यांचा संच असणं आणि रविवारी बॉनेट उघडून डोकं आत घालणं हा मालकीचाच भाग होता. आपल्याकडे पद्मिनीवाल्यांना कार्ब्युरेटर साफ करणं, पॉइंट घासणं जसं आपोआप यायचं तसंच. तिकडे ही गाडी २८ वर्षं बनत राहिली, जवळपास ८ लाख गाड्या निघाल्या. अमेरिकेत मात्र ती पेट्रोल भरा आणि विसरून जा अशा सवयीच्या माणसाला विकली. किंमत स्वस्त सांगितली, पण उरलेली किंमत वेळेत आणि लक्षात द्यायची आहे हे त्याला कुणी ठसवून सांगितलं नाही.

थोडं घरचं. आमच्याकडेही एका स्वस्त गाडीचा संसार झाला. कंपनीचं नाव घेत नाही. (काका हा ब्लॉग वाचतात आणि ती गाडी त्यांनीच सुचवली होती :-)) पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरायची, म्हणून दाराशी एक कोरडं फडकं कायम टांगलेलं असे. बाबा त्या गाडीला रोज सकाळी शिव्या घालत. पण पाहुण्यांपैकी कोणी नाव ठेवलं की लगेच तिचं अ‍ॅव्हरेज सांगायला लागत! गाडीला नाव ठेवणं म्हणजे आपल्या ऐपतीला नाव ठेवणं, हे त्यांना बरोबर कळायचं. युगोवाल्यांना तर टीव्हीवर रोज कोणीतरी हसत होतं.

असो. याच सुमारास, १९८६ मध्ये, ह्युंदाईची एक्सेल अमेरिकेत आली, ४,९९५ डॉलरला. पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजार गाड्या खपल्या. पुढे तिचीही कुरकुर सुरू झाली, तिच्यावरही विनोद झाले. पण ह्युंदाई पळाली नाही. १९९८ मध्ये तिने इंजिन-गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी जाहीर केली. ब्रिकलिनसाहेब १९८८ मध्येच आपला हिस्सा विकून मोकळे झाले होते आणि १९८९ मध्ये युगो अमेरिका दिवाळखोरीत गेली. गाडी वाईट असण्यापेक्षा तिच्यामागे उभं राहणारं कोणी नसणं जास्त वाईट, असं मला वाटतं. हमीचा कागद घेऊन जायचं कुणाच्या दारात?

मग देशच फुटला. युगोचे सुटे भाग स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मॅसेडोनिया अशा वेगवेगळ्या प्रांतांतून यायचे, ते एकमेकांचे परदेश झाले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले आणि निर्यात थांबली. १९९९ च्या एप्रिलमध्ये 'नाटो'ने कारखान्यावर बॉम्ब टाकले. कारखाना वाचावा म्हणून कामगार रात्री आत मुक्कामाला होते, त्यांतले शंभरावर जखमी झाले. त्यांनी नंतर मोडतोड उपसून पुन्हा युगो बनवायला घेतल्या, आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये शेवटची बाहेर काढली.