रूपांतरित स्टार्च

मका, कसावा, बटाटा, गहू इत्यादींच्या नैसर्गिक स्टार्चवर उष्णता, अम्ल, अल्कली, विकरे किंवा ठरावीक रसायनांची प्रक्रिया करून तयार केलेले खाद्य योजक. साधा स्टार्च आंबट सॉसमध्ये किंवा दीर्घकाळ उकळल्यावर पातळ होतो आणि गोठवून वितळवल्यास त्याला पाणी सुटते. रेणुसाखळ्या फॉस्फेट किंवा अ‍ॅडिपेट सेतूंनी जोडल्यास तो उष्णता व अम्ल सोसतो; हायड्रॉक्सिप्रोपिल गट जोडल्यास गोठवण सहन करतो.

कच्चा माल : मका सर्वाधिक वापरात आहे. थायलंड कसावा स्टार्चचा, तर नेदरलँड्स बटाटा स्टार्चचा प्रमुख पुरवठादार आहे. भारतात साबुदाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळनाडूतील सेलम भागात कसावा स्टार्चही बनतो.

नियमन : कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकनात या गटाला १४०० पासून पुढचे क्रमांक आहेत, उदा., १४२२ म्हणजे अ‍ॅसिटिलीकृत डायस्टार्च अ‍ॅडिपेट. त्यात अ‍ॅसिटिल गट २.५ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाहीत. यूरोपीय संघात केवळ भौतिक प्रक्रिया केलेला किंवा विकरांनी बदललेला स्टार्च योजक न मानता खाद्य घटक मानतात. भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ चे योजकविषयक विनियम लागू होतात.

खरेदी : केवळ ‘रूपांतरित स्टार्च’ हे नाव पुरेसे नाही. क्रमांक, वनस्पतिस्रोत आणि प्रत्येक खेपेचा विश्लेषण-दाखला तपासणे आवश्यक असते. स्रोत गहू असल्यास ग्लूटेनमुळे अ‍ॅलर्जीविषयक सूचनेचा प्रश्न येतो. त्यामुळे स्रोताची नोंद ग्राहकाच्या आरोग्याशी थेट निगडित आहे.