ॲलिस, नवलनगरीतली

लूइस कॅरॉल (२७ जानेवारी १८३२ – १४ जानेवारी १८९८) या इंग्रज लेखकाच्या दोन अद्भुत कथांची नायिका. पहिली कथा, ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’, १८६५ साली आली. दुसरी, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’, १८७१ च्या अखेरीस. मराठी वाचकाला हीच मुलगी जाई म्हणूनही ठाऊक आहे, कारण भा. रा. भागवतांनी पहिल्या कथेचे ‘जाईची नवलकहाणी’ हे रूपांतर केले. प्रस्तुत नोंद मुख्यतः या पहिल्या कथेची आणि तिच्या लावल्या गेलेल्या अर्थांची आहे.

कॅरॉल हे टोपणनाव. लेखक चार्ल्स लटविज डॉजसन हा ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवी. ४ जुलै १८६२ रोजी तो आणि त्याचा मित्र डकवर्थ हे दोघे डीन लिडेल यांच्या लोरिना, ॲलिस आणि ईडिथ या तीन मुलींना घेऊन नदीतून होडीने गॉडस्टोला गेले. वाटेत सांगितलेली गोष्ट लिहून दे, असा हट्ट ॲलिसने धरला आणि १८६४ च्या नोव्हेंबरात हस्तलिखित तिच्या हाती पडले. होडीतली मंडळी पुस्तकातही सापडतात. अश्रूंच्या तळ्यात पोहणारे बदक म्हणजे डकवर्थ, डोडो म्हणजे स्वतः डॉजसन, लोरी पोपट आणि गरुडाचे पिल्लू म्हणजे उरलेल्या दोघी बहिणी. छापील पुस्तकात जॉन टेनियलची ४२ चित्रे आहेत. पहिल्या छपाईवर टेनियल नाराज झाला म्हणून ती मागे घेऊन पुस्तक पुन्हा छापावे लागले.

कथेत ॲलिस सशामागून बिळात पडते, काहीबाही खाऊनपिऊन कधी बोटभर तर कधी घराएवढी होते, आणि शेवटी पत्त्यांच्या कोर्टात उभी राहते. कथानक म्हणावे असे एवढेच. अर्थ लावणाऱ्यांना मोकळे रान मिळते ते त्यामुळेच.

मराठी वाचकाची अडचण थोडी निराळी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ या पुस्तकांपासून आपल्याकडे गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधलेले असे, आणि ते सापडेपर्यंत मुलाला गोष्ट समजली असे कोणी मानत नसे. दुसरीकडे संतांची कूटे आणि भारुडे. तिथे वरवर असंबद्ध दिसणाऱ्या ओळीखाली अध्यात्म हमखास असते. या दोन्ही सवयी घेऊन ॲलिस उघडली की पहिली गाठ पडते डचेसशी. ही बाई प्रत्येक गोष्टीत तात्पर्य काढते, मोहरीतसुद्धा, आणि काढता काढता आपली टोकदार हनुवटी ॲलिसच्या खांद्यात रुतवते. तात्पर्य टोचते हे कॅरॉलने इतके शब्दशः दाखवले आहे. पुस्तकातल्या कवितांचेही तसेच. आयझॅक वॉट्सची उद्योगी मधमाशीवरची उपदेशपर कविता तेव्हाच्या इंग्रज मुलांना पाठ असे. ॲलिस ती म्हणायला जाते आणि तोंडातून मगर बाहेर पडते. मूळ कविता कानात असल्याशिवाय ही गंमत चढत नाही. ‘झेंडूची फुले’ वाचताना ज्यांना रविकिरण मंडळ आठवते त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पात्रांकडे वळल्यावर मराठी भाषा स्वतःच अर्थ लावू लागते. इंग्रजीत ॲलिस आणि सुरवंट एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलावतात. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावे लागते: सुरवंट ‘तू कोण?’ विचारणार, आणि ॲलिस त्याला ‘तुम्ही’ म्हणणार. सकाळपासून इतक्यांदा उंची बदललेल्या मुलीला आपण कोण हे सांगता येत नाही, हा त्या प्रसंगाचा गाभा. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांमुळे त्याला वयाची आणि अधिकाराची धार येते. मग कोर्टातल्या शेवटच्या प्रसंगी, ती पुन्हा वाढून सगळ्यांच्या वर गेल्यावर, राजाराणीला ‘तुम्ही’च म्हणत राहील का? मूळ लेखकाला न पडलेला हा प्रश्न मराठी रूपांतरकाराला टाळता येत नाही.

टोपीवाल्याच्या चहापानात तर मराठीला घबाडच मिळते. काळ ही वस्तू नसून ‘तो’ आहे, त्याच्याशी आपले भांडण झाले आहे, म्हणून आपल्याकडे कायम संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, असे टोपीवाला सांगतो. भांडणाचे कारण असे की बेताल गाऊन तो काळाचा खून करतोय, असा राणीने आरडाओरडा केला होता. मराठीत ‘वेळ मारून नेणे’ आधीपासून तयार आहे, वेळ ‘तो’ही असतो आणि ‘ती’ही, आणि ‘काळ’ म्हटले की यमाची सावली आपोआप पडते. एवढा ऐवज इंग्रजीतही नाही. उलट खोटे कासव मराठीत येतच नाही. वासराच्या मुंडीपासून केलेल्या नकली कासवसूपवरचा तो विनोद आहे, म्हणून टेनियलने त्याला वासराचे डोके दिले. चेशायर मांजराची गोष्ट सोपी: चेशायर हा कॅरॉलचा जन्मपरगणा. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. रोह्यातल्या पोराला ‘अष्टमीचे मांजर’ म्हटल्यावर जे घरगुती वाटेल तेच त्या नावात आहे. हे मांजर नाहीसे होते आणि हसू मागे राहते. इथे सगळे वेडे आहेत हे उघड सांगणारा नवलनगरीतला तोच एक शहाणा.

बदाम राणी सगळ्यांची मुंडकी उडवायला सांगते, पण प्रत्यक्षात कोणाचेच उडत नाही, हे ग्रिफिन सांगून टाकतो. तिला क्रूर सत्ताधीश ठरवणारी विवेचने हा तपशील विसरतात.

गणिती अर्थ जास्त टिकाऊ ठरले. बिळात गोंधळलेली ॲलिस पाढे म्हणते ते चार पंचे बारा, चार सक तेरा असे, आणि या चालीने आपण वीसपर्यंत कधीच पोचणार नाही म्हणते. ‘द ॲनोटेटेड ॲलिस’ (१९६०) या सटीप आवृत्तीत मार्टिन गार्डनरने याचा एक उलगडा दिला आहे. वीस ही संख्या १८ च्या पायात लिहिली तर १२ दिसते, चोवीस २१ च्या पायात १३. दर वेळी पाया तीनने वाढवत गेले की चार बारे अठ्ठेचाळीसला पाया ३९ येतो आणि उत्तर १९. पुढच्या पायरीला पाया ४२. बावन्न त्यात २० होत नाहीत, कारण एक बेचाळीस वजा जाऊन दहा उरतात. मुलीचा रडवेला गोंधळ अशा रीतीने अगदी बरोबर निघतो.

विल्यम एम्पसनने १९३५ मध्ये अश्रूंच्या तळ्यात जन्म आणि डार्विनचा आदिसमुद्र दोन्ही पाहिले. १९५५ मध्ये जॉन टॉड या वैद्याने शरीर लहानमोठे झाल्याच्या भासाला ॲलिसचे नाव दिले. १९६० नंतर सुरवंटाच्या हुक्क्यावरून आणि अळंबीवरून अमली पदार्थांची चर्चा निघाली. पुस्तकापेक्षा ती त्या दशकाविषयीच अधिक सांगते.

पहिला अर्थ मात्र पुस्तकाच्या आतच लावला गेला आहे, शेवटच्या पानांवर. स्वप्न ऐकून झाल्यावर ॲलिसची थोरली बहीण डोळे मिटून बसते. कपबशांचा खणखणाट म्हणजे मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, राणीची किंकाळी म्हणजे गुराख्याच्या पोराची हाक, अशी ती एकेक आवाजाची फोड करते. ॲलिस तोवर चहाला पळालेली असते.