भयखेळाची हौशी संहिता

टेबलाभोवती चार-पाच जण, हाती फासे, समोर कागद-पेन्सिल. एकाने प्रसंग सांगायचा आणि इतरांनी आपापल्या पात्राच्या वतीने ‘मी दार उघडतो’ किंवा ‘मी माघारी फिरतो’ असे म्हणायचे. ‘रोल-प्लेइंग गेम’ या प्रकाराचा पहिला प्रकाशित खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांचा १९७४ सालचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. भयाला त्यात हक्काची जागा मिळाली ती १९८१ मध्ये, सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’मुळे. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या भयकथाकाराच्या विश्वावर तो बेतलेला आहे. येथे पात्राच्या शौर्याला फारसे मोल नाही. भीषण काही दिसले की फासे टाकायचे. दान फसले तर मानसिक स्वास्थ्याचे गुण घटतात आणि ते शून्यावर आले की पात्र खेळाडूच्या हातून जाते.

अशा खेळासाठी चाहते स्वतः ज्या संहिता लिहितात, त्यांना कथा समजणे ही नवख्या लेखकाची नेहमीची चूक होय. कथेचा शेवट लेखक ठरवतो. संहितेत त्याला तो अधिकार नसतो. पूर्वी काय घडले, कोण काय लपवीत आहे, पुरावा कोठे आहे आणि कोणीच काही केले नाही तर काय घडेल, एवढेच त्याने लिहायचे. महत्त्वाचा धागा एकाच फाशाच्या दानावर कधीही टांगू नये, त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या दोन-तीन वाटा ठेवाव्यात.

वऱ्हाडात अशा संहितेला सामग्रीची वाण नाही. अमरावती विभागातील लोणारच घ्या. लव्हक्राफ्टच्या १९२७ सालच्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ या कथेत शेतात उल्का कोसळते आणि एक अनामिक रंग पिके, जनावरे, माणसे गिळत जातो. लोणारचे विवर उल्कापातानेच झालेले. त्याच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये खरोखरच गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. गावातील दैत्यसूदन मंदिराची आख्यायिका तर भूगर्भात दडलेल्या लोणासुराची, विष्णूने त्याचा वध केल्याची. ‘ऐन-ए-अकबरी’त परिसरात काच व साबण बनविण्याची द्रव्ये मिळत असल्याची नोंद आहे. क्षाराच्या व्यापाऱ्याची जुनी वही, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पुजाऱ्याचे मौन या तीन कल्पित धाग्यांवर एक रात्र सहज खेळता येईल.

मेळघाटात मात्र हात जपून टाकावा. चिखलदऱ्याचे धुके आणि गाविलगडाचे भग्न बुरूज मोह घालतात. त्याच मोहात कोरकू भूमकाला खलनायक करणे फार सोपे असते. लव्हक्राफ्टच्या लेखनातील परक्या वंशांविषयीचा तिटकारा आज त्याच्या चाहत्यांनाही खटकतो. तो आपण सातपुड्यात कशाला आणावा? करणी केल्याचा आळ घेऊन माणसांचा छळ होतो, म्हणून महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

परकी भीती मराठी मातीत रुजविण्याचे काम नारायण धारप (१९२५-२००८) यांनी पूर्वीच केले आहे. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चे वळण घेणारी त्यांची ‘लुचाई’ अस्सल मराठी वाटते. मराठी संहिताकाराने लव्हक्राफ्टआधी धारप वाचावेत, असे आम्हास वाटते. परंतु धारपांचे ‘समर्थ’ उचलून संहितेत घालता येणार नाहीत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे धारपांच्या बाबतीत २०६८ अखेरपर्यंत. लव्हक्राफ्टचे साहित्य येथे केव्हाच मुक्त झाले आहे.

खेळाच्या नियमांच्या पुस्तकाचा हक्क पुन्हा वेगळा. ‘कॉल ऑफ कथुलू’ची प्रकाशक केऑसियम कंपनी २०१७ पासून ‘मिस्कॅटॉनिक रिपॉझिटरी’ या योजनेखाली चाहत्यांना आपल्या संहिता विकू देते, अर्थात तिच्या अटींवर. या अटी किती नाजूक असतात, हे जानेवारी २०२३ मध्ये दिसले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी २००० सालचा खुला परवाना बदलण्याचा घाट घातला. त्यावर उपजीविका करणारे लेखक खवळले. कंपनीला बेत सोडून मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली खुले करावे लागले.