गाविलगडाच्या तोफांची वाट : इ. स. १८०३ च्या वेढ्यांतील एक दुर्लक्षित प्रकरण

इ. स. १८०३ च्या डिसेंबरच्या १५ व्या तारखेस इंग्रजांनीं गाविलगड घेतला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा नागपूरकर भोसल्यांचा हक्क गेला व तो निजामाच्या पदरीं पडला. या प्रसंगाचें वर्णन करतांना बहुतेक लेखक तटाचें खिंडार, कॅप्टन कॅम्बेलच्या शिड्या आणि किल्लेदार बेनीसिंगाचा अंत या तीन गोष्टींवर भर देतात. त्यापूर्वींचे पांच-सहा दिवस मात्र ते एका वाक्यांत उरकतात. त्याच दिवसांकडे वाचकांचें लक्ष वेधावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें असें कीं, गडाचा निकाल बहुतांशीं १२ तारखेसच लागला होता. कारण त्या दिवशीं जड तोफा उत्तरेकडील पठारावर येऊन पोहोंचल्या.

प्रथम स्थळाचा विचार करूं. गाविलगड हा अमरावती जिल्ह्यांत, चिखलदऱ्याजवळ, सातपुड्याच्या रांगेंत आहे. फिरिस्त्याच्या लेखनावरून बहामनी सुलतान अहमदशहा यानें इ. स. १४२५ च्या सुमारास एलिचपुरास मुक्काम केला असतां हा गड बांधविला व अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्याची दुरुस्ती करविली. गाविलगडाचा आंतील किल्ला दक्षिणेस तोंड करून आहे व तेथें कडा अतिशय उभा आहे. उत्तर व वायव्य या बाजूंस बाहेरचा किल्ला असून त्याच्याहि उत्तरेस आणखी एक तट आहे. वाटा तीन. दक्षिण दरवाजाची वाट लांब, उभी व केवळ पायीं चढणाराच्या उपयोगाची. वायव्येची वाट गडाच्या पश्चिम अंगानें तोफांच्या माऱ्याखालून जाणारी, अरुंद, दोहों बाजूंस तासलेला खडक असलेली. तिसरी उत्तरेची. तेथें, इंग्रजी कागदांत ‘लबाडा’ या नांवानें येणाऱ्या खेड्याकडून, जमीन गडाशीं सपाटीनें मिळते. परंतु त्या खेड्यास पोहोंचण्यास एलिचपुराहून डोंगरांतून सुमारें ३० मैलांचा, म्हणजे १५ कोसांचा, वळसा घ्यावा लागे.

गड रचणाराची दृष्टि यांतून स्पष्ट होते. जेथें कडा आहे तेथें तट एक पुरला. जेथें जमीन सपाट आहे तेथें तटामागें तट घातला. माणूस कोणत्याहि वाटेनें चढूं शकतो. तट फोडणारी तोफ चढूं शकत नाहीं. यास्तव उत्तरेची बाजू हीच गडाची खरी दुर्बल बाजू, आणि तिचें खरें रक्षण तो १५ कोसांचा वळसा करीत होता.

आतां ओझ्याचा विचार. कर्नल स्टीव्हन्सन यानें २१ ऑक्टोबर १८०३ रोजीं अशीरगड घेतला व तेथेंच गाविलगडाच्या वेढ्याची सामग्री सिद्ध केली. पुढें २९ नोव्हेंबरास अकोटजवळील अडगांवची लढाई झाली. ५ डिसेंबरास इंग्रजी फौज एलिचपुरास आली व तेथें जखमींसाठीं रुग्णालय घालून ७ तारखेस दोन्ही टोळ्या निघाल्या. जनरल वेलस्ली स्वतः दक्षिणेस राहिला. उत्तरेकडील कामगिरी स्टीव्हन्सनकडे आली. त्याजबरोबरच्या जड तोफांत १८ पौंडी गोळ्याच्या दोन व १२ पौंडी गोळ्याच्या तीन तोफा लोखंडी होत्या. अठरा-पौंडी लोखंडी तोफेचा नुसता नळा सुमारें दोन टन, म्हणजे बंगाली ५४ मणांच्या आसपास भरे. गाडा, गोळे व दारू यांचें वजन निराळें.

पितळी तोफा हलक्या असतां हें लोखंड कशाला वाहावें, अशी शंका येईल. पितळी नळी सतत माऱ्यानें तापून मऊ पडते. लोखंडी नळी दिवसभर मारा सोसते. मैदानी लढाईस पितळ चालतें, परंतु तट पाडावयाचा म्हणजे एकाच जागीं शेंकडों गोळे बसले पाहिजेत. तें काम लोखंडाचें. तात्पर्य, ज्या गुणामुळें ती तोफ उपयोगी, त्याच गुणाबरोबर तिचें वजनहि येई.

ओझें ओढण्याची विद्या आमच्या देशास नवी नव्हती. ‘अनडुह्’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘गाडा वाहणारा’ असा आहे. आणि पाणिनीनें धुरेचा धुर्य, जुवाचा युग्य, रथाचा रथ्य, गाड्याचा शाकट, असे वाहकांचे शब्द वेगळाले साधून दिले आहेत. ज्या समाजानें बैलाच्या कामाचे इतके भेद केले, त्यास कोणत्या ओझ्यास कोणतें जनावर हें निश्चित ठाऊक होतें. वेलस्लीनेंहि हें जाणलें होतें. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल इंग्रजांच्या हातीं आले व त्यांची योग्यता तो पूर्ण ओळखून होता.

तथापि या १५ कोसांत बैलांचा उपयोग थोडाच झाला. वेलस्लीच्या वृत्तांतावरून दिसतें कीं, तोफा व सामान जवळ जवळ सर्व अंतर माणसांनीं हातांनीं ओढून नेलें, आणि ज्या रस्त्यानें नेलें तो रस्ताहि शिपायांनीं आधीं स्वतःच केला. यांत नवल नाहीं. जड तोफेस बैलांच्या अनेक जोड्या एकामागें एक जुंपाव्या लागतात. सरळ मैदानांत त्या एका रेषेंत ओढतात. डोंगरांतील तीव्र वळणावर पुढील जोड्या तोफेस आडवी ओढ देतात व गाडा कड्याकडे सरकतो. उतारावर तर ओढण्यापेक्षां आवरण्याचेंच काम अधिक. मागें दोर धरून माणसांनीं मागें रेलावें, चांक साखळीनें बांधावें, थांबतांच चाकाखालीं दगड द्यावा, या गोष्टी शब्दासरशी हात हलले तरच साधतात. दोर धरणारांत ९४ व्या पलटणीचे गोरे होते, पण मोठा भरणा मद्रासी पलटणींतील एतद्देशीय शिपायांचा. ७ पासून १२ तारखेपर्यंत हें चाललें. असे कष्ट आपण पूर्वीं कधीं पाहिले नव्हते, अशी कबुली खुद्द वेलस्लीनें दिली आहे.

१२ च्या रात्रीं स्टीव्हन्सननें उत्तरेस मोर्चे बांधले. त्याच रात्रीं वेलस्लीच्या टोळीनें दक्षिण दरवाजाखालीं मोर्चा उभारला. आमच्या प्रतिपाद्याचा खरा पुरावा येथें मिळतो. दक्षिणेची वाट जवळची. शिपाई तेच, सेनापति स्वतः तेथें हजर. परंतु पराकाष्ठेचे श्रम करूनहि लोखंडी तोफा त्या मोर्च्यांत चढल्या नाहींत. पितळी तेवढ्या चढल्या, आणि त्यांच्या माऱ्याचा तटावर फारसा परिणाम झाला नाहीं. उत्तरेस १३ तारखेस सकाळीं मारा सुरू झाला व १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटास जाण्याजोगीं खिंडारें पडलीं. दूरची वाट जी बांधून काढली तिनें तट पाडला. जवळची जी तशीच चढूं पाहिली तिनें कांहीं साधलें नाहीं.

कोणी म्हणतील कीं, आंतील किल्ला तर कॅम्बेलच्या शिड्यांनीं पडला, तोफांनीं नव्हे. हें खरें आहे. आंतील तटास खिंडार नव्हतें. ९४ व्या पलटणीच्या हलक्या तुकडीनें शिड्या लावून तो ओलांडला व दरवाजा उघडला. परंतु त्या शिड्या तेथवर नेतां आल्या त्या बाहेरील तटाच्या खिंडारांतून. कॅम्बेलच्या धैर्यास यामुळें उणेपणा येत नाहीं. त्याचा क्रम मात्र दुसरा लागतो.

अन्यत्रचे दाखले हेंच सांगतात. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें अशोकाचा स्तंभ तोपऱ्याहून दिल्लीस आणला. शम्स-इ-सिराज अफीफ लिहितो कीं, स्तंभाभोंवतीं शेवरीच्या कापसाची रास घालून तो हळूच निजविला, वेत व कच्च्या चामड्यानें मढविला, आणि ४२ चाकांच्या गाड्यावर घालून प्रत्येक चाकाच्या दोरास २०० माणसें लाविलीं. पुढें यमुनेंतून नावांवर तो नेला. इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतलेली मलिक-इ-मैदान तोफ १६३२ सालीं परिंड्याहून विजापुरास नेली, तेव्हां ४०० बैल व १० हत्ती लागले, अशी परंपरा आहे. ओझें अनेक चाकांवर वांटावें, तें ठेवतांना व उतरतांना अधिक जपावें, आणि वाट आधीं पाहावी, हे तीन नियम त्या वेळींहि होते. आज शेंकडों टनांचीं यंत्रें बहुचाकी गाड्यांवरून नेतात, तेव्हां तेच नियम पाळले जातात. फक्त दोराच्या जागीं यंत्र आलें आहे.

जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम नोंदविण्यांत आला. त्याच वऱ्हाडांत १८०३ सालीं १५ कोस डोंगरी वाट करून तोफा नेण्यास सहावा दिवस उजाडला. त्या वाटेवर दोर ओढणारांपैकीं एकाचेंहि नांव आमच्या इतिहासांत नाहीं. शिडी चढणाराचें आहे. १८०३ च्या युद्धांत वऱ्हाड कसें गेलें हें लिहितांना पुढील अभ्यासकांनीं तोफा कोठें डागल्या याबरोबर त्या तेथें कशा नेल्या हेंहि विचारावें. गडांचीं वर्णनें करतांना तटांच्या मोजमापाइतकीच वाटांची मोजमापें घ्यावीं. सातपुड्यांतील आपल्या गडांचें बळ तटांत जितकें होतें तितकेंच त्या वाटांच्या अवघडपणांत होतें, आणि ती वाट ज्या दिवशीं शत्रूनें बांधली त्या दिवशीं गडाचें अर्धें बळ गेलें.