खर्जाची तार

संगीताच्या इतिहासांत गायकांचीं नांवें राहतात, त्यांस आश्रय देणाऱ्या राजांचींहि राहतात. तार लावणाराचें नांव मात्र बहुधा राहत नाहीं. या नियमास मिरज हा एक मोठा अपवाद होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब यांनीं तंबोरे व सतारी बनविण्यास आरंभ केला. ते शिकलगार; म्हणजे त्यांचा कुळधंदा हत्यारें घासूनपुसून त्यांस धार देण्याचा. तलवारीचे दिवस सरले आणि पोलादाची पारख असलेला तोच हात तारेकडे व घोडीकडे वळला. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें मूळ या स्थित्यंतरांत आहे.

हा इतिहास आज आठवण्याचें कारण निराळेंच आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील लोकलगाड्यांत पाठीवर लांबट काळी पिशवी घेतलेलीं मुलें वाचकांनीं पाहिलीं असतील. त्यांतील कांहीं आमच्याच वर्गांत बसतात. त्या पिशवींत पुष्कळदां बेस गिटार असते. वाद्य परदेशी खरें, परंतु त्याच्यापुढील प्रश्न तंबोऱ्याच्या खर्जाचाच आहे: मंद्र स्वर बेताच्या लांबीच्या तारेंतून काढावयाचा कसा?

मर्सेन या फ्रेंच पंडितानें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचें गणित मांडलें आहे. स्वर उतरविण्यास तार लांब करावी, सैल करावी किंवा जड करावी. चौथा मार्ग नाहीं. लांबीला मनुष्याच्या हाताची मर्यादा आहे, आणि फार सैल केलेली तार बोलत नाहीं. राहतें वजन. तंबोऱ्यांत त्यासाठीं पितळेची जाड तार आली. युरोपांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तांतीवर धातूची बारीक तार गुंडाळूं लागले. त्यामुळें तार जड होऊनहि लवचिक राहिली. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं जी बेस गिटार बाजारांत आणली, तिच्या तारेची लांबी ३४ इंच ठेविली. साध्या गिटारीची ती सुमारें साडेपंचवीस इंच असते. ताण तोच ठेवून सप्तकभर खालीं उतरावयाचें, तर तारेचें दर इंचीं वजन सव्वादोनपट करावें लागतें. त्या जाड गुंडाळलेल्या तारेचें सगळें रहस्य एवढेंच.

मुंबईंत हें वाद्य रुळलें तें मुख्यतः चित्रपटसंगीतांतून व नाचगाण्याच्या वाद्यवृंदांतून. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यांतील टोनी वाझ यांची बेस गिटार ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस ती केवळ ठेका धरण्याचें साधन वाटणार नाहीं.

परंतु नवशिक्याच्या हातीं येणारी गिटार बहुधा कोणींच नीट लावलेली नसते. तारा गंजलेल्या, पडद्यांपासून अवाजवी उंच. बोटें सोलतात, स्वर बेसूर लागतो, आणि मुलास वाटतें कीं दोष आपल्याच कानाचा व हाताचा. सहा महिन्यांत वाद्य माळ्यावर जातें. हें नुकसान आम्हांस लहान वाटत नाहीं. कारण त्या मुलासाठीं संगीताचें दारच तेथें बंद होतें.

उपाय कठीण नाहीं. मात्र क्रम सोडूं नये. चार तारा मिळून दांडीवर ८० किलोंच्या आसपास ताण असतो, म्हणून जुन्या तारा एकदम न काढतां एकेक बदलावी. खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील एवढी लांबी ठेवून तार प्रथम काटकोनांत वांकवावी व मग कापावी. नाहींतर वरचें वेष्टन सुटतें. स्वर मिळविल्यावर दांडीचा बांक पाहावा. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबली असतां मधल्या भागांत साध्या कागदाचीं तीन-चार पानें शिरतील एवढी फट पुरे. दांडीच्या पोटांत पोलादी सळई असते (या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत १९२३ सालीं गिब्सन कंपनीच्या कारागिरास मिळालें). तिची कळ एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. नंतर घोडीवर तारेची उंची, आणि सर्वांत शेवटीं लांबी. बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला स्वर तेथेंच हलक्या स्पर्शानें काढलेल्या स्वराहून चढा लागला, तर तारेची बैठक मागें सरकवून तार लांब करावी.

तार पडद्यास घासून झणझणली कीं गिटारवाला तो दोष समजतो. तंबोऱ्यांत तोच स्पर्श घोडीच्या वक्र पृष्ठावर मुद्दाम साधतात, दोरा सरकवून नेमका करतात, आणि त्यास जवारी म्हणतात! छेडण्याच्या जागीं ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु पडतो तो उपस्वर उमटूं नये, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तंबोऱ्यांत तो खणखणीत ऐकूं येतो, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ च्या निबंधांत दाखविलें. श्रुतींवर १९१० सालीं इंग्रजी ग्रंथ लिहिणारे कृष्णाजी बल्लाळ देवल तर मिरजेच्या शेजारचे, सांगलीचे. पण घोडी कशी घासावी हें शिकलगारांच्या घराबाहेर फारसें लिहिलें गेलें नाहीं. आमच्या विद्वद्वर्गानें स्वराचें गणित आपल्याकडे घेतलें आणि कानसीचें काम कारागिराकडे ठेविलें. गायकांतहि अब्दुल करीमखांसाहेबांसारखे स्वतः वाद्य दुरुस्त करणारे थोडेच. आज बोरिवलीच्या एखाद्या घरांत महाविद्यालयांतील मुलगी पेंचकस घेऊन गिटारीची घोडी सारते, तेव्हां ती ही जुनी वांटणी नकळत मोडीत असते.

नवी तार पहिले एक-दोन दिवस ताणत जाऊन उतरत राहते. तिला पुनःपुन्हां स्वरांत आणावें लागतें. साष्टीच्या दमट पावसाळ्यांत तर लाकूडहि फुगतें, आणि हात घामट असला कीं पोलाद लवकरच काळवंडतें. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसून ठेवाव्या.