विटांचं पॉलिएस्टर

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी सहा महिने बाल्टिमोरला होतो. शनिवार-रविवारी करण्यासारखं काही नसायचं, म्हणून शहराच्या पूर्व भागात नुसता पायी भटकायचो. तिथली घरं म्हणजे आपल्याकडच्या रो-हाउसचे पणजोबा. एकाला एक चिकटलेली, दुमजली, पुढे अंगण नाही की बाग नाही. दार उघडलं की थेट फुटपाथ.

एका गल्लीत रांगच्या रांग दगडी दिसली. राखाडी, पिवळसर, गुलाबी, छान ओबडधोबड दगड. मनात म्हटलं, या कामगार वस्तीत एवढं दगडी काम परवडलं कसं? जवळ जाऊन बोटाने टकटक केलं, तर आवाज पोकळ! दगड नव्हताच तो. सिमेंटचा गिलावा होता. मला हसू आलं. (हे हसू लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशोब द्यायचा आहे.)

घर साधं, जुनं, खिसा बेताचा, आणि तरी रस्त्यावरून बघणाऱ्याला ते बरं दिसायला हवं. हा प्रश्न तसा जगभरचा. पण बाल्टिमोरच्या लोकांनी त्याची तीन वेगवेगळी उत्तरं काढली, आणि तिन्ही अजून रस्त्यावर बघायला मिळतात.

पहिलं उत्तर पायऱ्यांचं. या शहरात 'ग्राउंड रेंट'ची पद्धत होती. घर विकत घ्यायचं, पण खालची जमीन ९९ वर्षांच्या, पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या भाडेकरारावर. त्यामुळे घराची किंमत कमी व्हायची आणि जर्मन, चेक, पोलिश कामगारांनाही स्वतःचं घर घेता यायचं. शहराच्या उत्तरेला संगमरवराच्या खाणी. वॉशिंग्टन मॉन्युमेंटचा खालचा साधारण दीडशे फुटांचा भाग याच भागातल्या दगडाचा आहे. तोच संगमरवर कामगारांच्या दारात तीन-चार पायऱ्यांच्या रूपाने आला. अख्ख्या घरात श्रीमंती काय ती तेवढीच! मग शनिवारी सकाळी घराघरातल्या बायका बादली, प्युमिस दगड आणि बॉन अमीची पावडर घेऊन पायऱ्या घासायला बसायच्या. खर्च जवळजवळ शून्य, मेहनत भरपूर. कोणाच्या पायऱ्या काळ्या आहेत हे सगळ्या गल्लीला दिसायचं.

दुसरं उत्तर माझं सगळ्यात आवडतं. १९१३ च्या उन्हाळ्यात विल्यम ऑक्टावेक नावाच्या चेक दुकानदाराला प्रश्न पडला, की भाजी आणि फळं बाहेर मांडली तर उन्हाने सुकतात, आत ठेवली तर गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. त्याने दुकानाच्या जाळीच्या दारावरच त्यांचं चित्र रंगवलं. मग शेजारची एक बाई म्हणाली, माझ्या खिडकीच्या जाळीवरही काहीतरी काढून दे, कोपऱ्यावर उभी राहणारी रिकामटेकडी मंडळी घरात डोकावतात.

इथे खरी गंमत आहे. रंग जाळीच्या फक्त बाहेरच्या बाजूला लावायचा आणि भोकं मोकळी ठेवायची. दिवसा बाहेर लख्ख उजेड, आत अंधार. त्यामुळे बाहेरच्याला चित्र दिसतं, आतल्याला मात्र रस्ता स्पष्ट दिसतो. वारा येतोच. एसी नव्हते तेव्हा फुटपाथला लागून असलेल्या खिडकीला याहून चांगला पडदा कुठला? लाल छपराचं टुमदार घर, तळं आणि त्यात हंस हे सगळ्यात लोकप्रिय चित्र. ज्यांच्या दारात झाड नाही, त्यांच्या खिडकीत तळं! ही कला सांभाळायला १९८५ साली पेंटेड स्क्रीन सोसायटी स्थापन झाली.

आणि तिसरं उत्तर म्हणजे मी टकटक केलेला तो 'दगड'. त्याचं नाव फॉर्मस्टोन. बाल्टिमोरच्या आल्बर्ट नाइटने १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं. असा नकली दगड ओहायोत आधीच निघाला होता, पण बाल्टिमोर फॉर्मस्टोनच्या प्रेमातच पडलं. कारण इथल्या बऱ्याच विटा मऊ, कमी भाजलेल्या. त्यांना दर काही वर्षांनी रंग द्यावा लागायचा. फॉर्मस्टोनमध्ये विटांवर धातूची जाळी ठोकायची, त्यावर सिमेंटचे थर, वरचा थर रंगीत. ओला असतानाच दगडांचे सांधे कोरायचे, मेणकागद ठेवून सुरकुत्यांचा रोलर फिरवायचा आणि चमक यावी म्हणून अभ्रकाची पूड मारायची. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या कोडला हात न लावता वरून एक रॅपर. एकदा करा, रंगाची कटकट कायमची संपली!

१९३७ हे साल आणखी एका गोष्टीचं आहे. त्याच वर्षी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या नकाशात बाल्टिमोरच्या वस्त्यांना ए ते डी अशा ग्रेड मिळाल्या. जुनी घरं, स्थलांतरित लोक आणि विशेषतः कृष्णवर्णीय वस्ती असली की ग्रेड खाली. दुसरीकडे १९३४ च्या नॅशनल हाउसिंग ॲक्टमुळे घरदुरुस्तीच्या छोट्या कर्जांना सरकारी विमा मिळाला होता. म्हणजे तुमची अख्खी गल्ली कागदावर उतरणीला लागलेली, पण घराचं तोंड बदलायला हप्ते मिळू शकतात. विक्रेते दारोदार फिरू लागले. (पुढे ॲल्युमिनियमचे पत्रे विकणारेही आले. बॅरी लेव्हिन्सनचा १९८७ चा 'टिन मेन' बघा, त्यातलं बाल्टिमोर १९६३ चं आहे.)

नंतर हवा फिरली. १९७३ पासून शहराने ओसाड घरं एकेका डॉलरला विकायला काढली. अट एकच, दुरुस्त करा आणि स्वतः राहा. जुन्या वस्त्यांत शिकलेला, नोकरदार वर्ग आला. आपल्यासारखाच! त्याला खरी वीट हवी होती. फॉर्मस्टोन उतरायला लागला. सिनेमावाले जॉन वॉटर्स त्याला विटांचं पॉलिएस्टर म्हणाले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

उतरवल्यावर खाली काय निघतं? खिळ्यांची भोकं, जुन्या रंगाचे पोपडे, झिजलेले सांधे. जिथे गिलाव्याला तडा गेला असेल तिथे पाणी आत शिरून अडकलेलं. आणि सांधे घाईने कडक सिमेंटने भरले, तर मऊ वीटच फुटायला लागते, तिथे चुनाच लागतो. लावताना स्वस्त पडलेली गोष्ट काढताना अशी महाग पडते.

आता त्या हसण्याचा हिशोब. फॉर्मस्टोन लावणारे लोक मूर्ख नव्हते. गिरणीत किंवा गोदीत राबून घेतलेलं आयुष्यातलं पहिलं घर. ते खालच्या ग्रेडचं नाही, हे त्यांना रस्त्याला सांगायचं होतं. ते त्यांनी त्यांच्या ऐपतीत सांगितलं. त्यांच्या हौसेला हसून, तीच घरं विकत घेऊन वीट उघडी करणारे आपणही रस्त्याला काहीतरी सांगतच असतो. फक्त आपलं बजेट मोठं असतं.

फरक मला एवढाच दिसतो. पायरी घासायची सोडली तर ती मळते, पुन्हा घासली की पांढरी होते. जाळी आवडली नाही तर काढून दुसरी रंगवता येते. फॉर्मस्टोनने मात्र 'आता कधीच काही करावं लागणार नाही' असं वचन दिलं होतं. जुन्या घराबद्दल (आणि जुन्या कोडबद्दलही) असं कोणी म्हणालं, की मी आता कोटेशन दोनदा वाचतो.

असो. परत येण्याआधी एक रंगवलेली जाळी घेतली. आता पुण्यातल्या खिडकीत हंस आहेत.