आपाच्या हाती मोहर

सत्र परीक्षेनंतर आम्ही प्रगतिपुस्तकं पालकांच्या सहीसाठी घरी पाठवतो. परत येतात तेव्हा त्यांतल्या काहींवर आठवी-नववीतल्या मुलीचं अक्षर असतं. मी विचारत बसत नाही. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. कुणाचे अब्बा आखातात असतात, कुणाचे ट्रकवर, कुणाच्या अम्मीचा इंतेकाल झालेला असतो. ठाकर-कातकरी वाड्यांवरचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि धाकटी पोरं मोठ्या बहिणीच्या कडेवर राहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, पण त्याच रात्री पोरकी झाली. अशा वेळी धाकट्याचा हात आधी कोण धरतं, हे आपण सगळे जाणतो.

आपल्या घरांत तिला आपा म्हणतात, बाजी म्हणतात. शेजारच्या घरात ती ताई किंवा अक्का असते. तिचं कौतुक आपण भरपूर करतो. त्या कौतुकाबद्दलच मला आज बोलायचं आहे, आणि त्यासाठी जवळजवळ चारशे वर्षं मागे, बुऱ्हाणपूरला जावं लागेल.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेर ओलांडलं की ते फार लांब नाही. तापीकाठचं हे शहर जुन्या खानदेशची राजधानी होतं. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहानचा मुक्काम तिथं होता. १७ जून १६३१ रोजी तिथंच चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल वारली. चौदापैकी सात मुलं जगली होती. सर्वांत मोठी जहाँआरा सतरा वर्षांची होती आणि सर्वांत धाकटी गौहरआरा नुकतीच जन्मलेली. मधे दारा, शुजा, रोशनआरा, औरंगजेब आणि मुराद.

मुमताजला आधी तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत दफन केलं गेलं. काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला, तिथं पुढे ताजमहाल उभा राहिला. जग ताजमहाल पाहतं. आईमागे राहिलेल्या त्या सात लेकरांकडे फारसं कुणी पाहत नाही. बाप दुःखात बुडालेला होता. घर सांभाळायचं कुणी, याचं उत्तर न बोलता ठरलं होतं.

जहाँआराला ही सवय लहानपणापासूनच लागली असावी. १६२२ मध्ये शाहजहाननं आपल्या बापाविरुद्ध, जहांगीरविरुद्ध बंड केलं. त्यानंतरची काही वर्षं हे कुटुंब दख्खन, तेलंगण, ओडिशा, बंगाल असं फिरत होतं. १६२६ मध्ये समेट झाला, तेव्हा अकरा वर्षांचा दारा आणि सात वर्षांचा औरंगजेब यांना आजोबांच्या दरबारी ओलीस म्हणून पाठवावं लागलं. जहाँआरा तेव्हा बारा वर्षांची होती. भाऊ हातातून सुटतात म्हणजे काय, हे तिनं त्या वयात पाहिलं.

आईनंतर शाहजहाननं जे केलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. मुमताजची खासगी मालमत्ता एक कोटी रुपयांच्या वर होती. त्यातली निम्मी त्यानं एकट्या जहाँआराला दिली आणि उरलेली निम्मी बाकीच्या भावंडांत वाटली. तिचा वर्षाचा तनखा सहा लाखांवरून दहा लाखांवर नेला. मुमताजकडे असायची ती बादशाही मोहरही तिच्या हाती सोपवली. फर्मानांवर उठणारा शिक्का सतरा वर्षांच्या मुलीच्या ताब्यात आला. शरियतच्या हिशेबानं ही वाटणी नव्हती, ती बादशहाची मर्जी होती. पण त्या मर्जीत एक समज होती. घराची जबाबदारी जिच्यावर टाकायची, तिच्या हातात अधिकारही द्यायचा.

तिनं तो वापरला. आईनं ठरवलेलं दाराचं लग्न १६३३ मध्ये तिनं पार पाडलं. खर्च आला बत्तीस लाख, त्यातले सोळा लाख तिनं स्वतःचे घातले. सुरत बंदराचं उत्पन्नही पुढे तिच्याकडे आलं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा त्याची झळ जहाँआरालाही बसली. तिचं स्वतःचं जहाज होतं. आग्र्याची जामा मशीद आणि दिल्लीचा चांदणी चौक तिच्या पैशानं उभे राहिले. ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींवर तिनं फारसीत ‘मुनिसुल अरवाह’ हे पुस्तक लिहिलं. भावंडांसाठी जगणारी बहीण म्हणजे स्वतःचं काही नसलेली बहीण, हे समीकरण तिला लागू पडत नाही.

१६४४ मध्ये दिव्याची ज्योत तिच्या अत्तर लावलेल्या कपड्यांना लागली. ती गंभीर भाजली, अनेक महिने अंथरुणाला खिळली. तिला विझवायला धावलेल्या दासींपैकी दोघी दगावल्या. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. बहिणीला भेटायला तो आग्र्याला आला आणि तिथंच बापाच्या रोषाला बळी पडून सुभेदारी आणि मनसब गमावून बसला. ते त्याला परत मिळालं जहाँआरानं रदबदली केली म्हणून. दारा तिचा सर्वांत लाडका भाऊ होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी औरंगजेबासाठीही ती उभी राहिली.

पण घर फुटायचं थांबलं नाही. १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि चौघे भाऊ तख्तासाठी निघाले. जहाँआरानं औरंगजेबाला पत्र लिहून बापावर आणि थोरल्या भावावर चालून येऊ नको म्हणून समजावलं. मे १६५८ मध्ये सामूगढला दारा हरला. त्यानंतर ती स्वतः औरंगजेबाच्या छावणीत गेली. राज्य चौघांत वाटून घ्या, असा प्रस्ताव तिनं नेला होता : दाराला पंजाब, मुरादला गुजरात, शुजाला बंगाल, आणि मोठा वाटा औरंगजेबाला. चारही भाऊ जिवंत राहावेत, एवढंच तिला हवं होतं. त्या वाटणीत बहिणींचा हिस्सा नव्हता.

औरंगजेबानं ऐकलं नाही. दारा १६५९ मध्ये मारला गेला, मुराद १६६१ मध्ये. शुजा आराकानकडे पळाला आणि तिकडेच संपला. शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैद झाला. जहाँआरा त्याच्यासोबत आत राहिली, जानेवारी १६६६ मध्ये तो मरेपर्यंत. दाराची पोरकी मुलगी जहाँजेब तिनं वाढवली आणि पुढे तिचं लग्न औरंगजेबाच्या मुलाशी, आजमशी लावून दिलं. एका भावानं दुसऱ्याला मारलं होतं. बहिणीनं दोघांच्या लेकरांना एका घरात बसवलं.

बाप गेल्यावर औरंगजेबानं तिला पुन्हा मानानं दरबारात आणलं, तिचा तनखा वाढवला. सप्टेंबर १६८१ मध्ये ती दिल्लीत वारली. तिची कबर हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात आहे. वर छत नाही, कबरीवर गवत उगवतं. औरंगजेब तेव्हा अजमेरहून दख्खनकडे निघाला होता. बातमी वाटेत कळली आणि तीन दिवस त्याचा मुक्काम हलला नाही. मग तो बुऱ्हाणपूरला पोहोचला, जिथं पन्नास वर्षांपूर्वी त्यांची आई गेली होती.

आता एक छोटी गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. जहाँआरानं मरताना तीन कोटींची संपत्ती दर्ग्याच्या खादिमांना द्यायची वसीयत केली होती. औरंगजेबानं त्यातला एक तृतीयांशच देऊ दिला, कारण शरियतनुसार वसीयत तेवढ्याचीच करता येते. मसला बरोबर होता. पण कायदा बहिणीचा हात आखडता घेतो तेव्हा तो भावांना अचूक आठवतो. तोच कायदा बहिणीच्या हातात काही ठेवतो, तेव्हा आपली आठवण कुठे जाते?

हे मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही. अम्मी गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आपा तेरा वर्षांची. अब्बा सौदीला होते, दोन वर्षांतून एकदा यायचे. आपानं सातवीतून शाळा सोडली आणि आम्हा तीन भावांना वाढवलं. माझ्या बी.एड.ची फी तिच्या शिलाई मशीनवरून आली. अब्बा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली. तेव्हा आपानं हक्कसोडपत्रावर सही केली. कुठं सही करायची, ते बोट ठेवून मीच दाखवलं होतं.

कागदावर ‘राजीखुशीने’ असं लिहिलेलं असतं. आपाला कुणी जबरदस्ती केली नाही, हे खरं आहे. तिला कुणी विचारलंही नाही. बहिणीनं भावाकडे हिस्सा मागणं बरं दिसत नाही, माहेर तुटतं, एवढं आमच्याकडे प्रत्येक मुलीला शिकवलेलं असतं. सूरह निसामध्ये बेटीचा हिस्सा नेमून दिला आहे, मालमत्ता थोडी असो की फार. तो मला तेव्हाही पाठ होता. शेजारच्या हिंदू घरांतही २००५ नंतर मुलीला मुलाइतका हक्क आहे, आणि तिथंही हक्कसोडपत्रं होतातच. द्रुतगती मार्ग झाला, फार्महाऊस आले, नवी मुंबईचं विमानतळ आलं. आमच्या भागात जमिनीचा भाव चढला, तशा बहिणींच्या सह्या आणखी मोलाच्या झाल्या.

शाहजहाननं आपल्या थोरल्या लेकीला जबाबदारी दिली आणि मोहरही दिली. आपण आपल्या आपाला जबाबदारी देतो, दुआ देतो, ईदला साडी देतो. मोहर आपल्याकडे ठेवतो.

गेल्या रमजानमध्ये मी भावांजवळ विषय काढला. एकानं मान्य केलं, दुसरा अजून विचार करतोय. मग आपाकडे गेलो. ती म्हणाली, “आता मला काय करायचंय रे?” आणि चहा टाकायला उठली. चुलीशी उभी असताना पाठमोरीच विचारलं, “पण किती येतात माझ्या वाट्याला?”

तीन भाऊ, एक बहीण, म्हणजे सात हिस्से. जमीन पस्तीस गुंठे.

“पाच गुंठे, आपा,” मी म्हणालो.